पूह अस्वलाची चार पुस्तके

‘विनी-द-पूह’ उघडल्यावर पहिल्याच प्रकरणाच्या सुरुवातीला वाचक जरासा अडखळतो. एक छोटा मुलगा जिन्यावरून खाली येतो आहे. त्याच्या हातात एका खेळण्यातल्या अस्वलाचा पंजा आहे आणि मागून फरफटत येणाऱ्या त्या अस्वलाचे डोके प्रत्येक पायरीवर आपटते आहे. लेखक या अस्वलाला आधी ‘एडवर्ड बेअर’ म्हणतो आणि मग त्याचे नाव विनी-द-पूह असल्याचे सांगतो. हा एडवर्ड मधूनच कुठून आला? तो दोन वर्षे आधी निघालेल्या एका कवितासंग्रहातून आला आहे. १९२६ साली हे पुस्तक विकत घेणाऱ्या इंग्लंडमधल्या अनेक घरांत तो संग्रह आधीच असल्यामुळे त्यांना ते सांगावे लागत नव्हते. आज मात्र दुकानात पुष्कळदा पूहच्या गोष्टींची दोनच पुस्तके जोडीने मिळतात, कवितांची दोन वेगळ्या कप्प्यात पडतात आणि एका सलग कथेचे धागे तुटून जातात.

मूळ पुस्तके चार आहेत. ‘व्हेन वुई वेअर व्हेरी यंग’ १९२४ मध्ये आले, ‘विनी-द-पूह’ १९२६ मध्ये, ‘नाऊ वुई आर सिक्स’ १९२७ मध्ये आणि ‘द हाउस ॲट पूह कॉर्नर’ १९२८ मध्ये. पहिले आणि तिसरे कवितांचे, दुसरे आणि चौथे गोष्टींचे. लेखक ए. ए. मिल्न, चित्रकार ई. एच. शेपर्ड. ती याच क्रमाने का लिहिली गेली, हे पाहिले की याच क्रमाने का वाचावीत तेही उमगते.

मिल्न मुलांचे लेखक म्हणून ओळखले जात नव्हते. १९०६ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंत ते ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे साहाय्यक संपादक होते. युद्धात ते संदेशवहन अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर गेले आणि आजारी होऊन परतले. नंतर त्यांनी नाटके लिहिली, ती लंडनमध्ये चांगली चालली. १९२२ साली ‘द रेड हाउस मिस्ट्री’ ही त्यांची रहस्यकादंबरी गाजली, तेव्हा प्रकाशकांना त्यांच्याकडून आणखी एक रहस्यकथाच हवी होती. शेपर्ड हेही युद्धातून आलेले. तोफखान्यात अधिकारी असताना त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. त्यांचा थोरला भाऊ सिरिल १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला होता. पूहच्या रानात कुणीही मरत नाही आणि सर्वांत मोठे संकट म्हणजे पाऊस किंवा संपलेला मध. हे रान ज्या दोन माणसांनी उभे केले, ती कुठून परतली होती हे ध्यानात ठेवले की त्या शांततेची किंमत कळते.

मिल्न यांचा एकुलता एक मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन २१ ऑगस्ट १९२० रोजी जन्मला. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून एक अस्वल आणले गेले. त्याच वर्षीच्या नाताळात एक गाढव आले, त्याची मान पुढे खेळून खेळून खाली लोंबायला लागली. डुकराचे एक पिल्लू शेजाऱ्यांकडून भेट मिळाले. ही सगळी कापडाची साधी खेळणी होती. त्यांच्यावर पुस्तक लिहायचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता.

सुरुवात कवितेने झाली. झोपण्यापूर्वी पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या मुलावर मिल्न यांनी ‘व्हेस्पर्स’ ही कविता लिहिली आणि पत्नी डॅफ्नी यांना देऊन टाकली. छापून आणली तर पैसे तुझे, असे सांगून. ती १९२३ च्या आरंभी अमेरिकेतल्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात आली. त्याच वर्षी कवयित्री रोझ फाइलमन यांनी आपल्या बालमासिकासाठी कविता मागितली. मिल्न यांनी आधी नकार दिला, मग लिहून पाठवली. उन्हाळ्यात मिल्न कुटुंब वेल्समध्ये मित्रांबरोबर एका भाड्याच्या घरात राहायला गेले, तर पाऊस थांबेचना. पाहुण्यांच्या गजबजाटातून निसटून मिल्न बागेतल्या एका छोट्या खोलीत वही-पेन्सिल घेऊन बसले. समोर तीन वर्षांचा मुलगा आणि मनात स्वतःचे बालपण, एवढ्या शिदोरीवर एकामागून एक कविता होत गेल्या.

या कविता पुस्तकाआधी ‘पंच’मध्ये छापायच्या ठरल्या आणि चित्रांसाठी शेपर्ड यांचे नाव पुढे आले. मिल्न यांना ते पसंत नव्हते. ‘पंच’मधली शेपर्ड यांची जुनी चित्रे त्यांना अजिबात रुचली नव्हती. नमुन्याची चित्रे हाती आल्यावर मात्र त्यांचे मत पार पालटले. पुढच्या पुस्तकांच्या वेळी त्यांनी शेपर्ड यांचाच आग्रह धरला आणि त्यांना ठरावीक मानधनाऐवजी विक्रीतला वाटा मिळवून दिला, जे त्या काळात चित्रकाराच्या नशिबी क्वचितच येई.

‘व्हेन वुई वेअर व्हेरी यंग’ ६ नोव्हेंबर १९२४ रोजी मेथ्युएन या प्रकाशनाने काढले आणि नाताळापर्यंत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. या संग्रहात ‘टेडी बेअर’ नावाची कविता आहे. आपल्या लठ्ठपणाने खंतावलेले एक अस्वल पुस्तकातल्या चित्रात एक तितकाच लठ्ठ राजा पाहते आणि त्याचा जीव भांड्यात पडतो, एवढीच तिची गोष्ट. याच अस्वलाचे नाव एडवर्ड. ‘पूह’ हे नाव त्या पुस्तकात दुसऱ्याचेच आहे. प्रस्तावनेत मिल्न सांगतात की ख्रिस्तोफर रॉबिन ज्या हंसाला सकाळी खाऊ घालतो, त्या हंसाला त्याने पूह म्हणायला सुरुवात केली आहे. दोन वर्षांनी ‘विनी-द-पूह’च्या प्रस्तावनेत ते या हंसाची आठवण काढतात: त्याला निरोप देताना मुलाने नाव परत आणले आणि अस्वलाला दिले. आधीचा संग्रह वाचलेला छोटा वाचक इथे ओळखीचे हसतो. न वाचलेल्याला हा उल्लेख परका वाटतो.

नावाचा उरलेला भाग, ‘विनी’, खऱ्या अस्वलाचा आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये हॅरी कोलबर्न नावाचा कॅनडाच्या सैन्यातला पशुवैद्य आगगाडीने छावणीकडे निघाला होता. ओंटारियोतल्या व्हाइट रिव्हर स्थानकावर एका शिकाऱ्याकडून त्याने काळ्या अस्वलाचे मादी पिल्लू २० डॉलरला विकत घेतले आणि आपल्या विनिपेग शहरावरून तिचे नाव विनी ठेवले. ती तुकडीबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला आली आणि सॉल्सबरीच्या माळावरच्या तंबूंत सैनिकांची लाडकी झाली. डिसेंबरमध्ये फ्रान्सला जाण्याची वेळ आली, तेव्हा कोलबर्नने तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले. युद्ध संपल्यावर तिला परत न्यायचा त्याचा विचार होता. पण ती इतकी माणसाळली होती आणि तिथल्या मुलांना तिचा इतका लळा लागला होता, की त्याने ती संग्रहालयालाच देऊन टाकली. ख्रिस्तोफर रॉबिन तिला भेटायला जाई. त्याला थेट पिंजऱ्यात जाऊ देत. अशा रीतीने लंडनच्या खेळघरातल्या एडवर्डचा विनी-द-पूह झाला.

१९२५ साली मिल्न यांनी ससेक्समध्ये हार्टफील्ड गावाजवळ कॉचफोर्ड फार्म हे घर घेतले. मागे ॲशडाउन फॉरेस्टचा प्रदेश होता: उंचावरची ओसाड माळराने, पाइनच्या झाडांचे पुंजके, दरीतून वाहणारे ओढे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या तिथे जाऊ लागल्या. मुलगा खेळणी घेऊन झाडांच्या ढोल्यांत खेळे. आई त्या खेळण्यांच्या आवाजात बोले, बाप ते ऐके. त्या वर्षीच्या नाताळासाठी ‘ईव्हनिंग न्यूज’ या वृत्तपत्राने मिल्न यांच्याकडे गोष्ट मागितली. विषय सुचेना, तेव्हा मुलाला झोपताना सांगितलेली एक गोष्ट लिहून काढा असे डॅफ्नी यांनी सुचवले. फुग्याला लटकून मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत पोचू पाहणाऱ्या अस्वलाची ती गोष्ट २४ डिसेंबर १९२५ रोजी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर वाचली गेली. पुढच्या वर्षीच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण तेच.

आता खेळण्यांची निवडही बदलली. ख्रिस्तोफर मिल्नने मोठेपणी लिहून ठेवले आहे की कांगा ही कांगारू आणि पुढे टिगर हा वाघ ही खेळणी आणताना आईवडिलांनी मुलाच्या आनंदाबरोबर पुस्तकात ती कशी शोभतील याचाही विचार केला होता. ससा आणि घुबड ही दोन पात्रे तर मिल्न यांनी मनानेच रचली. त्यांची खेळणी नव्हतीच. शेपर्ड यांनी हार्टफील्डला येऊन झाडे, पूल, उतार प्रत्यक्ष पाहून रेखाटले. पूहसाठी मात्र त्यांच्यापुढे ख्रिस्तोफरचे अस्वल नव्हते. त्यांच्या स्वतःच्या मुलाचे, ग्रॅहमचे, ग्राउलर नावाचे गुबगुबीत अस्वल त्यांनी चितारले. जगाला ठाऊक असलेले ते गोल पोट ग्राउलरचे.

‘विनी-द-पूह’ १४ ऑक्टोबर १९२६ रोजी आले. त्यात दहा गोष्टी आहेत आणि पहिल्या नि शेवटच्या गोष्टीभोवती एक चौकट आहे: बाप गोष्ट सांगतो आहे, मुलगा मध्येच विचारतो आहे, मी तेव्हा काय केले, पुढे काय झाले. म्हणजे मुलगा गोष्टीच्या आतही आहे आणि बाहेरही. शेवटच्या प्रकरणात पूहला पेन्सिलींचा डबा बक्षीस मिळतो, इतक्या हौसेने की पेन्सिलींवरची अक्षरेही त्याच्याच गुणांची वाटावीत. भेट अस्वलाला मिळते, पण ती लिहिण्याची भेट आहे. आपला मुलगा आता अक्षरांकडे वळणार हे बापाला दिसू लागले होते.

१९२७ चा ‘नाऊ वुई आर सिक्स’ हा संग्रह वाचक बहुतेक वेळा गाळतात. गोष्टी वाचायच्या, त्यात कविता कशाला? पण पूहच्या दोन गोष्टीपुस्तकांमधला पूल हाच आहे. प्रस्तावनेत मिल्न सांगतात की पूहला हे दुसरेच पुस्तक वाटले आणि तो चुकून काही पानांवर येऊन बसला. खरोखरच शेपर्ड यांच्या अनेक चित्रांत तो दिसतो, कवितेत त्याचे नाव नसले तरी. मुलगा जिथे जाईल तिथे अस्वल सोबत असल्याची ‘अस टू’ ही कविता इथलीच. संग्रहाच्या शेवटच्या कवितेत मुलगा एकेका वर्षाचा हिशोब मांडत सहापर्यंत येतो आणि आता कायम सहाचाच राहावे म्हणतो. ही इच्छा वाचून मग चौथे पुस्तक उघडले, तर ते पुस्तक त्या इच्छेला दिलेले उत्तर आहे हे समजते. पुस्तक छापले गेले तेव्हा खरा ख्रिस्तोफर सात वर्षांचा झाला होता.

११ ऑक्टोबर १९२८ रोजी आलेल्या ‘द हाउस ॲट पूह कॉर्नर’मध्ये बापाने गोष्ट सांगण्याची चौकट गेली आहे. टिगर येतो, पुलावरून काड्या टाकून कुणाची आधी पलीकडे येते हे पाहण्याचा खेळ सुरू होतो, हसू पानोपानी आहे. पण पाचवे प्रकरण सावकाश वाचावे. सकाळी ख्रिस्तोफर रॉबिन कुठे जातो हे रानात कुणालाच कळत नाही. ससा त्याच्या दारी जातो तर तिथे मोडक्यातोडक्या स्पेलिंगची चिठ्ठी: बाहेर गेलो आहे, लवकर परत येतो. चुकीच्या अक्षरांमुळे ससा आणि घुबड ‘बॅक्सन’ नावाचा कुणी प्राणी शोधू लागतात. तिकडे ईयोर गाढव जमिनीवर तीन काड्या मांडून पिग्लेट या डुकराच्या पिल्लाला सांगते आहे की हे ‘ए’ हे अक्षर, ख्रिस्तोफर रॉबिन सकाळी हेच शिकतो. ससाही ‘ए’ ओळखतो हे कळल्यावर ईयोरला राग येतो आणि ते काड्या उधळून देते. प्रकरणाच्या अखेरीस दारावर नवी चिठ्ठी लागते. या वेळी तिचे स्पेलिंग बरोबर आहे. मिल्न यावर एक शब्दही बोलत नाहीत. चूक सुधारली, म्हणजे मुलगा रानातून बाहेर पडायला निघाला, एवढे त्या दुसऱ्या चिठ्ठीतून कळते.

शेवटच्या प्रकरणात सगळे प्राणी निरोपाचा ठराव करतात आणि एकेक करून निघून जातात. मुलगा नि अस्वल टेकडीवरच्या झाडांच्या गोलात बसतात. आता काहीच न करता बसून राहणे आपल्याला जमणार नाही, हे मुलगा अस्वलाला सांगू पाहतो, आणि अस्वलाला ते पूर्ण समजत नाही. पहिल्या संग्रहातल्या प्रार्थना करणाऱ्या मुलापासून इथवर आलेल्या वाचकालाच या संवादाचे ओझे जाणवते; थेट इथे पोचलेल्याला तो एक गोड शेवट वाटेल.

मिल्न यांनी इथे खरोखरच थांबायचे ठरवले. वाचक मागत होते, प्रकाशक मागत होते, विक्री जोरात होती. त्यांनी पाचवे पुस्तक लिहिले नाही. त्याला दोन कारणे होती. आपण नाटककार, कादंबरीकार आहोत हे लोक विसरू लागल्याची त्यांना चिंता होती. आणि मुलाच्या नावाची ख्याती मुलापेक्षा मोठी झाली होती. ख्रिस्तोफर १९३० साली निवासी शाळेत गेला तेव्हा पुस्तके तिथेही पोचली होतीच. पुढे स्टो शाळेत शेजारच्या खोलीतली मुले त्याने लहानपणी गायलेल्या ‘व्हेस्पर्स’ची ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावून त्याला छळत. कंटाळून त्यांनी ती त्याच्या हाती दिली, तेव्हा त्याने तिचे तुकडे तुकडे करून दूरच्या शेतात फेकले. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर वडिलांवरचा त्याचा राग उफाळला. १९५१ मध्ये त्याने डार्टमथला पुस्तकांचे दुकान काढले आणि १९७४ मध्ये ‘द एन्चँटेड प्लेसेस’ या आठवणी लिहून तो राग बराचसा निवळवला. त्याआधीच, १९५६ मध्ये, मिल्न वारले होते.

क्रमाची मोडतोड व्हायला सुरुवात झाली ती नंतरच्या व्यापारातून. १९३० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्टीफन स्लेसिंजर यांनी उत्तर अमेरिकेसाठी पूहच्या वस्तूंचे हक्क घेतले; पूहची लाल बंडी त्यांच्याच काळात आली. १९६१ मध्ये डिस्नेने चित्रपटाचे हक्क मिळवले. त्यांचा १९६८ चा ‘विनी द पूह अँड द ब्लस्टरी डे’ हा लघुपट पाहिला की काय झाले ते स्पष्ट दिसते. टिगरचे येणे आणि वादळात घुबडाचे घर पडणे १९२८ च्या पुस्तकातले, पिग्लेटच्या घराभोवतीचा पूर १९२६ च्या पुस्तकातला. तिन्ही एकाच गोष्टीत गुंफली गेली. पडद्यावर ती छान बसतात. पण मूळ पुस्तकांत पूर येतो तेव्हा मुलगा गोष्ट ऐकणारा आहे, आणि घुबडाचे घर पडते तेव्हा तो शाळेच्या उंबरठ्यावर आहे. हे अंतर पडद्यावर उरत नाही. डिस्नेच्या बाजूने एवढे सांगायला हवे की १९७७ मध्ये पूहचे लघुपट एकत्र जोडताना त्यांनी शेवटी टेकडीवरचा निरोपही घातला.

खेळणी १९४७ मध्ये अमेरिकेला गेली आणि प्रकाशकाच्या कार्यालयात काही दशके राहून १९८७ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आली. पूह, ईयोर, पिग्लेट, कांगा, टिगर तिथे आहेत. कांगाचे पिल्लू रू नाही, तो फार पूर्वी सफरचंदाच्या बागेत हरवला. मिल्न कुटुंबाच्या वारसव्यवस्थेच्या संमतीने २००९ मध्ये डेव्हिड बेनेडिक्टस यांनी ‘रिटर्न टू द हंड्रेड एकर वुड’ लिहिले आणि २०१६ मध्ये चार लेखकांचे ‘द बेस्ट बेअर इन ऑल द वर्ल्ड’ आले. दोन्ही मनापासून लिहिलेली आहेत. तरी ती मुलाने निरोप घेतल्यानंतरची आहेत, त्यामुळे चार मूळ पुस्तके संपवून महिना-दोन महिने गेल्यावरच हाती घ्यावीत.

मराठी घरांत पूह बहुधा टीव्हीवरून किंवा दप्तरावरच्या चित्रातून शिरतो आणि पुस्तक मागाहून येते. मग निदान पुस्तकांचा क्रम तरी मिल्न यांचा ठेवावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘व्हेन वुई वेअर व्हेरी यंग’मधल्या थोड्या कविता मोठ्याने वाचून दाखवाव्यात, त्यातही ‘टेडी बेअर’ वगळू नये. मग ‘विनी-द-पूह’, रोज रात्री एक प्रकरण. मूल सहाचे होईल तेव्हा ‘नाऊ वुई आर सिक्स’. आणि ते स्वतः अक्षरे लावून वाचू लागले, की ‘द हाउस ॲट पूह कॉर्नर’ त्याच्या हातात द्यावे, म्हणजे दारावरच्या दोन चिठ्ठ्यांमधला फरक ते आपल्या आपणच शोधून काढेल.